सहावा कागद

एकदा एका नेमबाजाचं आपल्या जिवलग मित्राशी बिनसलं. बांधावरून नाही, सोयरिकीवरून नाही. बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या गोळीवरून!

नेमबाजाचं नाव रंगनाथ. रिव्हॉल्वरच्या स्पर्धेत लागणारी काडतुसं तो रीतसर परवाना काढून स्वतःच भरायचा. रिकामी पुंगळी स्वच्छ करायची, दारू तराजूवर तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची, ही कामं त्याची. गोळ्या मात्र साच्यात ओतून द्यायचा त्याचा बालमित्र जनू तांबट. गोळी उजेडात फिरवून बघताना जराशी सुरकुती दिसली, की जनू ती पुन्हा वितळवायचा.

निवडस्पर्धा तोंडावर आली आणि रंगनाथच्या नेमाला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे! सहापैकी पाच गोळ्या निशाणाच्या कागदावर एकमेकींना बिलगून बसत, एक भलतीकडेच जाई. कधी ती दुसरी असे, कधी पाचवी. त्यानं दारूचं माप बदललं, गोळी बसवण्याची खोली बदलली. एक गोळी चुकायची ती चुकायचीच. अखेर वैतागून तो चारचौघांत बोलून गेला, "जनूचा हात गेला आता. कच्चं ओततोय."

हे जनूच्या कानावर गेलं. तो तावातावानं भांडायला आला असता तरी बरं झालं असतं हो! त्यानं मुकाट्यानं साचा फडक्यात बांधून ठेवला आणि भट्टी विझवली. वय झालं, हात गेलाच असेल, असं त्यानं स्वतःच मानून घेतलं.

इकडे रंगनाथ आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. "आबा, गोळ्या ओतणारा दुसरा कुणी तरी सुचवा."

"जनूच्या गोळ्या उरल्यात का?"

"डबाभर आहेत. पण त्या आता काय कामाच्या?"

"त्यांचीच काडतुसं भरून आण."

रंगनाथ भरून घेऊन आला, तर मैदानावर आबांनी विचित्रच प्रकार मांडलेला. एकाऐवजी सहा कागद ओळीनं टांगलेले. रिव्हॉल्वरच्या चक्रातल्या सहा घरांपैकी एकावर त्यांनी खडूनं खूण केली. "हे पहिलं घर. यातली गोळी नेहमी पहिल्या कागदावर, दुसऱ्यातली दुसऱ्यावर. पुन्हा भरशील तेव्हाही हाच क्रम."

"आबा, निवड उंबरठ्यावर आलीय, आणि तुम्ही हा खेळ..."

"गोळ्या झाड म्हणतो ना!"

म्हातारपणी बुद्धी चळली यांची, असं मनाशी म्हणत रंगनाथनं डबा रिकामा केला. मग दोघे कागदांपाशी गेले. पाच कागदांवरची छिद्रं सुपारीएवढ्या जागेत दाटीनं बसली होती. सहाव्यावरची मात्र चहूकडे पांगलेली.

आबांनी रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली आणि बाजूला काढून ठेवलेली जनूची एक गोळी प्रत्येक घराच्या तोंडातून ढकलून पाहिली. पाच घरांतून ती हलक्या दाबानं सरकली, सहाव्यात अडकली.

"हे घर केसभर अरुंद आहे. इथून निघतानाच गोळी दाबली जाते आणि पुढे भरकटते," आबा म्हणाले. "तू चक्र कुठूनही फिरवून सुरुवात करायचास, म्हणून दोष कधी दुसऱ्या गोळीत दिसला, कधी पाचवीत. राहत होता तो एकाच जागी, तुझ्याच हातातल्या हत्यारात." जरा थांबून ते म्हणाले, "आणि रंगनाथा, पाच गोळ्या नेमक्या लागत होत्या, तेव्हा जनूचं नाव घेतलंस कधी? ते यश तुझं होतं. सहावी चुकली, ती तेवढी त्याची झाली. दारू कणाकणानं तोललीस बाबा, न्याय तोलायचा राहिला."

रंगनाथनं निवडीचा विषय पुन्हा काढला नाही. सहाही कागदांची सुरळी करून तो थेट जनूच्या घरी गेला, ते कागद त्याच्यासमोर जमिनीवर पसरले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. "चुकलो रे जनू. चारचौघांत बोललो, आता चारचौघांतच शब्द मागे घेईन."

जनूनं सहाव्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलेल्या पाचांवरून तो कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला.

"म्हणजे हात शाबूत आहे माझा?" त्यानं विचारलं.

"आहे रे, आहे."

जनू उठला आणि साच्याच्या फडक्याची गाठ सोडू लागला. रंगनाथ भट्टीपाशी बसला आणि राख बाजूला सारून कोळसे रचू लागला.