पितळेची वाटी

मुलांनो, गाव जिथे संपते आणि जंगल जिथे सुरू होते, तिथल्या शेवटच्या घरात एक तांबडा कुत्रा राहत असे. घरधनी रोज सकाळी त्याला रानात फिरवून आणत. मागच्या हिवाळ्यात धनी वारले आणि घरात त्यांच्या पत्नी सगुणाबाई व कुत्रा असे दोघेच उरले. रानातले फिरणे थांबले. कुत्रा दिवसभर खुंट्याला बांधलेला असे. एकदा दोरी सुटली तेव्हा त्याने कोनाड्यातली धन्यांची जुनी वहाण काढली आणि चघळून तिचा चोथा केला. सगुणाबाईंनी हाक मारली, "ये." तो शेपूट हलवत आला आणि त्याच्या पाठीत केरसुणी बसली. पुढे एकदा उशी फाडली, मग सूप कुरतडले. दर वेळी हाक आणि दर वेळी केरसुणी. चौथ्यांदा "ये" ऐकताच कुत्रा ओढ्याकडे पळाला, तो तिन्हीसांजेलाच परतला.

शेजारचे दाजीबा म्हणाले, "वहिनी, हाक मारली की उलटं पळणारं कुत्रं कशाला पोसताय? सोमवारी माझी गाडी बाजाराला जाते आहे. तिकडेच सोडून येतो."

सगुणाबाईंनी खुंट्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हा सोमवार जाऊ द्या, भाऊजी. पुढच्या सोमवारी बघू."

हे अंगणातल्या कोंबडीने ऐकले. ती कुत्र्याला म्हणाली, "काय रे, तुला ऐकू येत नाही का?"

"चांगलं येतं," कुत्रा म्हणाला. "'ये' म्हणजे केरसुणी."

"पण ती वहाण कशाला फाडायची?"

"दुसरं काही काम नव्हतं. आणि तिला त्यांचा वास होता."

कोंबडीने चोच मातीला पुसली. मग म्हणाली, "मला बाई रिकामपण माहीतच नाही. एका दाण्यासाठी दहादा उकरावं लागतं." असे म्हणून ती पुन्हा उकिरडा उकरू लागली. पायरीवर वाल सोलत बसलेल्या सगुणाबाईंना या दोघांचे बोलणे कुठून कळणार? पण कुत्रा दोरी ताणून कोंबडीच्या पायांकडे कसा बघत होता, ते त्यांनी पाहिले. त्यांचा हात सोलता सोलता थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी ताटलीत वाढली नाही. तिचे तुकडे काही पेंढ्यात, काही पालथ्या टोपलीखाली लपवले आणि दोरी सोडली. कुत्र्याने नाक जमिनीला लावले. अर्धी सकाळ तो हुंगत, उकरत, शोधत राहिला आणि शेवटचा तुकडा सापडल्यावर उन्हात गाढ झोपला. त्या दिवशी घरातली एकही वस्तू फाटली नाही. "नाकाला काम हवं होतं तर," सगुणाबाई स्वतःशीच म्हणाल्या. राहिली होती हाक. 'ये' हा शब्द आपणच खराब केला, हे त्यांना कळले होते. त्यांनी फडताळातून एक पितळेची वाटी काढली. धन्यांची दह्याची वाटी ती, हिवाळ्यापासून पालथीच होती. त्यांनी तिच्यावर चमचा वाजवला आणि कुत्र्याला तूप लावलेला तुकडा दिला. आधी जवळून, मग अंगणाच्या टोकावरून, मग घरामागून. वाटी वाजली आणि तुकडा मिळाला नाही, असे एकदाही झाले नाही.

तो पुढचा सोमवार उद्यावर आला. त्या संध्याकाळी कुत्रा कुंपणाशी हुंगत असताना करवंदीच्या जाळीतून कोल्हा म्हणाला, "भाकरीचे तुकडे काय शोधतोस, वेड्या? ओढ्यापलीकडे अख्खी मेलेली शेळी पडली आहे. चल, वाटून खाऊ." शेळी होती हे खरे, पण ती बिबट्याने मारली होती आणि तो तिथेच गवतात बसला होता. कुत्रा बिबट्याच्या तोंडी गेला की शेळी आपल्याला मिळेल, असा कोल्ह्याचा हिशेब होता. कुत्रा कुंपणाखालून निघाला. इतक्यात आंब्यावरचे वानर खाकरले. बिबट्या जवळ असला की वानर असे खाकरते, हे रानाशेजारी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सगुणाबाई धावत अंगणात आल्या आणि घाबरून ओरडल्या, "ये! ये रे!"

कुत्रा थबकला. त्याचे कान पडले, शेपूट पायांत गेले. कोल्हा हसला. "जा की, केरसुणी वाट बघते आहे." कुत्र्याने ओढ्याकडे आणखी एक पाऊल टाकले.

सगुणाबाईंनी तोंड मिटले. त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. आवाज स्वच्छ आला. टण. टण.

"कुठे चाललास? शेळी केवढी आणि तुकडा केवढा!" कोल्हा म्हणाला.

"तुझी शेळी मी पाहिलेली नाही," कुत्रा धावता धावता म्हणाला. "तो तुकडा रोज पाहिला आहे." त्याच्यामागे ओढ्याकाठचे गवत हलले आणि पिवळे, ठिपक्यांचे अंग क्षणभर दिसले. तोवर कुत्रा उंबऱ्याच्या आत होता. सगुणाबाईंनी दार लावले, आधी ठरलेला तुकडा दिला आणि मग त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. कुत्रा तुकड्यासाठी कृतज्ञ होता, आणि त्या, तो आला म्हणून.

सकाळी दाजीबांनी गाडी जुंपून विचारले, "काय वहिनी, न्यायचं ना?"

"नाही भाऊजी," सगुणाबाई म्हणाल्या. "बाजारातून येताना थोडं तूप मात्र आणा. तुकड्यांना लागतं."

तात्पर्य : धाकाने जनावर पळायला शिकते, परत यायला ते मायेनेच शिकते, आणि जिच्यामागे रोज माया असते, तीच हाक संकटात ऐकली जाते.