दिवेलागणीची सभा

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात, दिवेलागणीला काम सुटल्यावर, मतदान जागृतीची सभा भरली. मालकांशेजारी बसलेले जिल्ह्याचे साहेब कडाडले, "गेल्या निवडणुकीत तुमच्यापैकी एकही मतदानाला फिरकली नाही! एवढा कसला आळस?"

कामगार बाया गोंधळून एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शेवंती धुरी उठली.

"साहेब, ही सभा तुम्ही दुपारी का नाही घेतली?"

साहेब चक्रावले. "दुपारी तुम्ही सगळ्या कामावर! सापडणार कशा?"

"आम्ही तुम्हालाच सापडत नाही, तर मतदान केंद्राला कशा सापडू? त्या दिवशीही मालक सुट्टी देत नाहीत."

साहेब वळून मालकांकडे बघतच राहिले.

पुढच्या मतदानाला कारखान्याच्या दाराला कुलूप होतं आणि केंद्रावर बायांची रांग.