तारणावळीचा कट्टा

खाजणवेळच्या किनाऱ्यावर काळ्या दगडाचा एक कट्टा आहे. त्यावर मला एक सुरेख लाकडी वल्हं बेवारशी पडलेलं दिसलं. बैठकीच्या भिंतीवर छान दिसेल म्हणून मी ते खांद्यावर घेतलं आणि मूर्खपणात काही कमी राहू नये म्हणून नवऱ्याला फोटोही काढायला लावला.

शेजारी जाळं विणत बसलेले म्हातारे बुधाजी खवळे मान वर न करता म्हणाले, "बाय, ठेव ते. मालक यायचाय. तारणावळ व्हायची आहे."

"तारणावळ म्हणजे?"

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. माझ्यासारख्या बायकांची त्यांना सवय असावी.

दळल्याची दळणावळ, शिवल्याची शिवणावळ, तशी बुडतं तारल्याची तारणावळ. पण पूर्वी हा शब्द गावात नव्हताच, असं सांगतात. तेव्हा गलबत खडकावर आपटलं की सगळा गाव किनाऱ्यावर येऊन बसायचा. वर जिवंत माणूस आहे तोवर माल त्याचा, गलबत बुडालं की आपला, अशी रीत होती म्हणे. त्यामुळे वाचवायला कोणी जायचं नाही. नुसती वाट बघायची.

एका सकाळी असंच एक परमुलखातलं गलबत समोरच्या खडकावर अडकलं. भरती चढत होती, लाटा त्याला आपटत होत्या. वरची माणसं डोक्याची मुंडाशी सोडून हलवत होती. गावचा म्होरक्या भिवा तांडेल सावलीत टेकून बसला. गर्दीत येसू होती. तिचा नवरा असाच दूरच्या किनाऱ्यावर बुडाला होता. तिथेही कोणीतरी असंच सावलीत बसलं असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिला राहवेना.

"होडी काढा," ती म्हणाली.

"बुडू दे आधी," भिवा म्हणाला. "घाई कसली?"

येसूने पदर खोचला नि एकटीनेच होडी लोटली. ते बघून तिच्या दोन जावा धावल्या. शिव्या देत, पण धावल्या. त्यांनी गलबताचा जाड दोर किनाऱ्याला आणला आणि येसूने हाक दिली, "बायांनो, रापण समजा आणि ओढा!" मासळीचं मोठं जाळं ओढतात तशा गावच्या साऱ्या बाया दोराला लागल्या. एक मोठी लाट आली, गलबत उचललं गेलं, आणि हिसक्यासरशी खडकावरून सुटून वाळूत येऊन बसलं. माणसं सगळी जिवंत, माल कोरडा. बायांनी असा गलका केला की डोंगरावरची गुरं खाली आली म्हणे.

नाखव्याने, म्हणजे गलबताच्या धन्याने, सगळा माल या कट्ट्यावर उतरवला आणि ओंजळभर खजूर येसूपुढे धरला. "घे, बक्षीस."

"बक्षीस नको," येसू म्हणाली. "भीक नको आणि लूटही नको. कष्ट केलेत, त्याचं मी माझ्या हाताने घेईन."

नाखवा तिच्याकडे बघत राहिला. मग समुद्राकडे तोंड करून, मालाकडे पाठ फिरवून उभा राहिला. "घे. मी बघत नाही."

सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बारीकसं उचलून मोठेपणा मिरवणार. येसूने सगळ्यात मोठा तांब्याचा हंडा निवडला, त्यात गच्च खजूर भरला, डोक्यावर घेतला आणि भिवा तांडेलच्या समोरून सावकाश चालत घरी गेली. दोराला लागलेल्या बाकीच्या बायांनीही आपापला वाटा उचलला. सावलीत बसलेल्यांना काही मिळालं नाही. पुढच्या गलबताच्या वेळी भिवा सगळ्यांच्या आधी पाण्यात होता, असं सांगतात.

आजही समुद्रातून काढलेली वस्तू या कट्ट्यावर येते. मालक समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, आणि काढणारा आपली तारणावळ उचलतो. नुसतं वल्हं असेल, तर मालक शेजारी मासळीची पाटी ठेवतो आणि मग पाठ फिरवतो. काय घेतलं, हे कोणी विचारत नाही.

मी वल्हं खांद्यावरून उतरवून कट्ट्यावर परत ठेवलं. मी विचारलं, "तो नाखवा पुन्हा कधी आला का हो येसूला भेटायला?"

बुधाजींनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं.

"आला की. पुढच्याच वर्षी. त्याच खडकावर."