अक्काची पाळी

फार फार वर्षांमागची गोष्ट. दिवस कासराभर वर आला होता, बरोबर त्याच घटकेला हे सगळं सुरू झालं.

सीमेवरच्या एका गावात तीन आळ्या होत्या. एकीत मराठी बोलत, दुसरीत कानडी, तिसरीत पंडितांची संस्कृत. सुईण मात्र गावाला एकच, अक्का. गुडघे गेलेली, पुढेमागे कुणी नसलेली. तिची भाकरी आणि पाण्याची घागर पाळीनं जायची. आज या आळीची, उद्या त्या आळीची.

मराठी आळीतल्या कुंभाराच्या सुनेला नववा लागला होता. अक्कानं पोट चाचपून सांगितलं होतं, "पोर पायाळू आहे गं. भिऊ नकोस, मी आहे." त्या एका बोलावर सुनेला झोप लागायची.

त्या सकाळी पारावर एका वाटसरूनं सहज विचारलं, अक्का म्हणजे कोण? मराठी आळी म्हणाली, थोरली बहीण, शब्द आमचा. कानडी आळी म्हणाली, बहीण खरी, पण शब्द तुम्ही आमच्याकडून उचललात. पंडितांनी पोथी उघडली. अक्का म्हणजे आई, तुम्ही दोघेही उसनवारीवाले. वाद राजाकडे गेला. ठरलं असं, की ज्यांचा शब्द, त्यांनाच तिला वाढायचा मान. निकाल लागेपर्यंत पाळी बंद.

सुनेनं भाकरी फडक्यात बांधली. सासू उंबऱ्यात आडवी आली.

"फार पुण्य उतू चाललंय का? ठराव मोडलास तर आळीचा दावा बुडेल. नाक कापशील आमचं."

सुनेनं भाकरी शिंकाळ्यात ठेवली. सहा दिवस रोज बांधली, रोज ठेवली.

सातव्या दिवशी कळा सुरू झाल्या. नवरा अक्काला पाठीवर घालून आणायला धावला. तिची चूल गार होती, घागर कोरडी होती, आणि अक्काही गार झाली होती.

पोर पायाकडून आलं. रडलं नाही.

आठव्या दिवशी निकाल आला. शब्द तिघांचाही. सगळ्यांचा मान राहिला म्हणून पारावर गूळ वाटला. ओली बाळंतीण भिंत धरत धरत तिथे आली.

"बरं झालं. आता तिघं मिळून तिला हाक मारा. बघू, ओ देते का."

घरी येऊन तिनं शिंकाळं उतरवलं. सहा भाकऱ्या, वाळून खडखडीत झालेल्या. त्या आपल्याच हातानं ठेवल्या होत्या, हे ती जन्मभर विसरली नाही.

हाक कुणाची म्हणून भांडण्याआधी, जिला हाक मारतो ती जेवली का, ते बघावं.

बायांनो, ही गोष्ट पुढे सांगा. कुठल्या बोलीत, ते विचारत बसू नका.