चंडोलाने कासवावर रचलेले गाणे

डोंगराच्या पायथ्याशी माळरानावर एक चंडोल पक्षी घरटे करून होता. मुलांनो, चंडोल दिसायला साधा, मातकट रंगाचा. पण गळा मोठा गोड. एका वर्षी तळे आटले आणि सगळे प्राणी पाण्यासाठी डोंगरापलीकडे निघाले. वाटेत एक म्हातारे कासव मागे पडले. ते पुन्हा कुणालाच दिसले नाही. पाऊस झाल्यावर सारे परतले, तेव्हा चंडोलाने त्या कासवावर गाणे रचले.

तळ्याकाठच्या सभेत नव्या गाण्याची पारख बगळा करीत असे. तो म्हणेल ते सर्व मानत. चंडोलाचे गाणे अर्धे होते न होते, तोच बगळ्याने पंख वर केला. "पुरे! गाणे सिंहाचे असावे, मोराचे असावे. कासवाचे कसले गाणे?" सभा हसली. पोपटाने ते शब्द रानभर केले आणि चंडोलाला सभेचे बोलावणे येईनासे झाले.

चंडोल खिन्न होऊन घरट्यात बसून राहिला. त्याची बायको म्हणाली, "अहो, कासवाच्या जागी मोर घाला. चार ओळी बदलल्याने काय बिघडणार आहे?"

"अगं, मागे मोर राहिला नव्हता, कासव राहिले होते," चंडोल म्हणाला. त्याने एकही शब्द बदलला नाही. तो गवतातच गात राहिला. शेजारच्या लावी पक्षिणीने ते गाणे ऐकून पिल्लांना शिकवले, पिल्लांकडून ते सशांकडे गेले, सशांकडून हरणांकडे. पुढे चंडोल वारला.

बऱ्याच वर्षांनी तळे पुन्हा आटले. सारे डोंगर चढू लागले. बगळा आता थकला होता, त्याला उडवत नव्हते. तो पायी चालता चालता एका दगडाशी बसला. थोड्या वेळाने दोन हरणे उलट्या वाटेने खाली आली.

"तुम्ही परत का आलात?" बगळ्याने विचारले.

"आमच्यात एक गाणे म्हणतात, कासवाचे," धाकटे हरीण म्हणाले. "ते म्हटले की मागे कोण राहिले ते बघावेसे वाटते. बसा पाठीवर."

बगळा हरणाच्या पाठीवर बसला. पलीकडच्या पाण्यावर पोचल्यावर त्याने सर्वांना थांबवले आणि म्हणाला, "हे कासवाचे गाणे चंडोलाचे आहे. मी ते अर्ध्यावर बंद पाडले होते. माझी पारख चुकली." हे ऐकायला चंडोल मात्र तिथे नव्हता.

तात्पर्य : नव्या कृतीवर जाणत्यांनी पहिल्या दिवशी दिलेला निकाल शेवटचा नसतो, ती ज्यांच्या उपयोगी पडते, तेच तिची खरी किंमत ठरवतात.