सगुणाचा बिल्ला आणि महाराजांचं लग्न

“हा बिल्ला नदीपलीकडचा! उतर खाली!” नाक्यावरचा शिपाई ओरडला आणि त्याने सगुणाच्या हातातला कासराच हिसकावला.

सगुणा मोरवंडच्या गाडीवानाची लेक. तिथल्या राज्यात रीतसर परीक्षा देऊन तिने गाडी हाकायचा तांब्याचा बिल्ला मिळवला होता. लग्न होऊन ती नदी ओलांडून तळगिरीत आली, सटवाजी कुंभाराच्या घरी. बापाने आंदण म्हणून तांब्या आणि चांद्या ही बैलजोडी दिली होती. आजवर सटवाजीची मडकी लोकांच्या गाड्यांतून बाजारात जायची आणि पोचेपर्यंत निम्म्यांची खापरं व्हायची. सगुणाने पहिल्याच खेपेला सगळी अख्खी नेली! आणि दुसऱ्या खेपेला ही गत. बैल कोंडवाड्यात, आणि येत्या बाजारी त्यांचा लिलाव!

सगुणाला रडू कोसळलं. मग राग आला. रागात तिचं डोकं जास्तच चालायचं, म्हणून ती तडक दरबारात गेली.

गादीवर होते भैरोजीराजे. एकदा त्यांच्या तोंडून ‘यंदा उन्हाळ्यात थंडी पडणार’ असं निघून गेलं, तर शब्द खरा करायला वैशाखभर घोंगडी पांघरून बसले होते!

“महाराज, इथला बिल्ला द्या,” सगुणा म्हणाली. “हवी तर परीक्षा घ्या.”

“देतो की! नियम सोपा आहे. आमच्या रस्त्यावर वर्षभर बिनचूक गाडी हाकून दाखव, बिल्ला तुझा!”

“उद्यापासनं हाकते!”

“बिल्ल्याशिवाय? बैल जप्त!”

“मग आधी बिल्ला द्या.”

“वर्षभर हाकल्याशिवाय? छट्!”

सगुणाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी छताकडे पाहिलं.

“सरकार, माहेरी मी लहानपणापासनं गाडी हाकतेय.”

“तिकडचं इकडे चालत नाही! तिकडे रस्त्याच्या उजवीकडून हाकतात, इकडे डावीकडून. तुला काय जमणार?”

“माहेरी पदर उजव्या खांद्यावर घ्यायचा, सासरी डाव्या. आल्या दिवशी चूल पेटायच्या आत बदलला मी! रस्त्याचं काय घेऊन बसलात?”

पडद्याआडून कुणीतरी खुदकन हसलं. त्या राणीसाहेब होत्या. त्याही माहेरच्या मोरवंडच्याच! हसू ऐकून राजे भडकले.

“पलीकडे दिलेलं, बांधलेलं, मान्य झालेलं काहीही असो, नदी ओलांडली की रद्द! हा आमचा शब्द आहे!”

“काहीही, सरकार?”

“काहीही!”

“आणि सगळ्यांना लागू?”

“आम्हालासुद्धा!”

“मग झालं तर!” असं म्हणून सगुणाने मुजरा केला आणि ती चक्क हसत निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या दारात सनई-चौघडा सुरू झाला. राजे डोळे चोळत सज्जात आले. खाली सगुणा हळदीचं ताट घेऊन उभी, मागे सटवाजीच्या डोक्यावर मांडवाची रंगवलेली मडकी, आणि त्याच्या मागे अख्खं गाव!

“कुणाचं लग्न?” राजे गरजले.

“तुमचंच, सरकार! चला, हळद लावून घ्या!”

“अगं, आमचं लग्न झालंय!”

“कुठं झालं?”

“कुठं म्हणजे? मोरवंडला! मुलीच्या दारीच होतं ना लग्न?”

“अगं बाई! म्हंजे मांडव तिकडचा, भटजी तिकडचे, मंगळसूत्र बांधलं तेही तिकडंच! मग नदी ओलांडली तेव्हाच सगळं रद्द झालं की! सरकार, आपण तर ब्रह्मचारी!”

गर्दीत हशा पिकला. राजे तावातावाने जिना उतरून खाली आले.

“काहीतरीच काय! इतकी वर्षं आमचा संसार इथेच चाललाय!”

“बिनबिल्ल्याचा?” सगुणाने डोळे मोठे केले. “मग संसार जप्त!”

“जप्त? आत्ताच्या आत्ता आमचं लग्न इथे मान्य करा!”

“करू की! नियम सोपा आहे. आधी वर्षभर बिनचूक संसार करून दाखवा, लग्न मान्य! फक्त लग्न मान्य होईस्तोवर एका छताखाली राहायचं न्हाई!”

तेवढ्यात मागून राणीसाहेब लगबगीने आल्या.

“ऐकलंत? मी सामान बांधायला घेते! वर्षभर बिनचूक संसार? तुम्हाला तर एक सणवारसुद्धा न रुसता काढता येत नाही!”

राजांनी राणीकडे पाहिलं. सगुणाकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे खदाखदा हसले की पगडी निसटून थेट हळदीच्या ताटात पडली!

“सोडा रे तिचे बैल!” ते कसेबसे म्हणाले. “आजपासून पलीकडचा बिल्ला इकडे चालेल. आमच्या रस्त्यावर एक फेरी मारून दाखवायची, बस्स! आणि या पोरीला चांदीचा बिल्ला द्या. राणीसाहेबांना माहेरी न्यायचा मान आता तिचा!”

सगुणा धावत कोंडवाड्यात गेली आणि तांब्याच्या गळ्यात पडून हसता हसता रडली. बैल जुंपून परत आली तेव्हा वाजंत्री निघायच्या तयारीत होते.

“थांबा!” राणीसाहेब म्हणाल्या. “जाता कुठे? सगळी तयारी आहे तर लग्न पुन्हा लावूनच टाकू. इकडचाही बिल्ला असलेला बरा!”

यावर सगळ्यांत जोरात हसले ते भैरोजीराजेच, गालाला हळद लावून घेता घेता! संध्याकाळी नवरानवरीची वरात निघाली ती सगुणाच्याच गाडीतून, रस्त्याच्या अगदी डाव्या बाजूने. मागे रचलेल्या सटवाजीच्या मडक्यांतलं एकही फुटलं नाही.