वाढणाऱ्याचं पहिलं ताट

पातेल्यावर पळी वाजवून आई पंगतीआधी सगळ्यांसमोर स्वतः जेवायची. तो आवाज भैरूअण्णांच्या कानात अजून होता. आईमागं सूतगिरणीतली खानावळ त्यांनीच चालवली, आणि आज ती बंद व्हायची वेळ आली होती. खानावळीऐवजी परदेशी तयार जेवणाची पाकिटं देणाऱ्या कंपनीचे साहेब ती पाकिटं घेऊन आले होते.

"माणसाचा हात लागलेला नाही. डोळे झाकून खा!" साहेब गिरणीच्या मालकांना सांगत होते.

अण्णांनी एक पाकीट गरम करून ताटात ओतलं, पळी वाजवली आणि ताट साहेबांपुढं ठेवलं.

"बसा. आमच्यात वाढणारा आधी जेवतो."

"नको, मी घरून डबा आणलाय."

"बरं केलंत," अण्णा सावकाश म्हणाले. "आमच्या गिरणीतल्या पोरांनाही घरच्यासारखंच लागतं."

मालक अण्णांच्या पंगतीला बसले. साहेबांनी पाकिटं गोळा केली आणि ते निघून गेले.